खालची रेघ

कामोठ्याच्या जुन्या गावात लग्न ठरलं की पहिलं आवतण गावदेवीला जायचं आणि दुसरं सोनाबाईला. सोनाबाई धवलारीण होती, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी. मांडवाला उंबराची फांदी आणण्यापासून नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत लग्नाच्या हरेक कामाला तिचा धवला लागायचा. चारी बाजूंनी सिडकोचे सेक्टर उठले, भाताची खाचरं गेली, खाडी दूर सरकल्यासारखी झाली, तरी गावातली हळद अजून तिच्या तोंडूनच सुरू व्हायची.

धवला एकटीनं म्हणत नाहीत. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती झेलते. झेलणारी तेच शब्द पुन्हा म्हणते, शेवटाला जरा लांबवते. तेवढ्या वेळात हळद लावणाऱ्या बायकांचे हात फिरतात आणि पुढं गाणारीला दम मिळतो. सोनाबाईची ओळ झेलायला होती भामा, तिची धाकटी जाऊ. दोघींची घरं एका भिंतीची. भामा लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूनं तिला सोनाबाईच्या मागं बसवलं होतं, ती तिथंच बसून म्हातारी झाली. लोक नाव घ्यायचे सोनाबाईचं. भामाला त्याचं काही वाटत नसे. ती सोनाबाईला बाय म्हणायची. आपल्याला आवाज आहे, डोकं बायला आहे, असं सरळ मनानं सांगायची.

पनवेलला तळ्याच्या मागच्या गल्लीत एक संस्था होती. विनिताताई नावाच्या निवृत्त शिक्षिका ती चालवायच्या. म्हाताऱ्या बायांनी दुपारी यावं, चहा घ्यावा, रक्तदाब तपासून घ्यावा, दोन घटका बसावं, एवढाच तिचा पसारा. मोतीबिंदूच्या शिबिरासाठी म्हणून सोनाबाई आणि भामा तिथं पहिल्यांदा गेल्या आणि मग दर रविवारी बसनं जायला लागल्या.

तिथंच रुबेनभाऊ भेटले. बंदरातल्या एका कंपनीत वायरलेसवर त्यांची नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर ते संस्थेचा बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले आणि येतच राहिले. कुणाचं मोबाइलवरचं अडलेलं बघायचे, कुणाच्या दुबईतल्या नातवाचा चेहरा पडद्यावर दाखवायचे, औषधांच्या शिबिराची कामं बसवून द्यायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. फक्त शनिवारी यायचे नाहीत.

"शनवारी कुठं असता ओ?" सोनाबाईनं एकदा विचारलं होतं.

"शब्बाथ असतो आमचा, ज्यू लोकांचा. शनिवारी काम नाही."

"मंजे तुमी शनवारतेली! आमच्या सासऱ्याला तेल तुमच्याच लोकांच्या घान्याचं लागायचं."

रुबेनभाऊ खळखळून हसले. "आमच्या आजोबांचा घाणा होता. आता तेल नाही, नुसता शनिवार उरलाय."

सोनाबाई धवला म्हणते हे कळलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडंही लग्नात मेंदीला बायका गायच्या. मराठीतच. माझी आई पुढं असायची. ती गेली, आणि एकही गाणं कुणाकडं राहिलं नाही. मी जन्मभर आवाज पकडायचं काम केलं हो, समुद्रातल्या बोटींचे. घरातला पकडला नाही." मग म्हणाले, "तुमचं रेकॉर्ड करू या का? सगळं. सीडी करू. पुढच्या पोरींना उपयोग होईल."

तेव्हा गावात हळदीला डीजे येऊन पोचला होता. पोरींना धवला म्हातारा वाटायचा. सोनाबाई लगेच हो म्हणाली. भामा म्हणाली, "बाय म्हनंल तसं."

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. संस्थेतली आतली खोली रुबेनभाऊंनी गोधड्या लावून बंद केली. पंखा बंद. दोघींना समोरासमोर दूर बसवलं आणि दोघींच्या पुढं वेगवेगळा माईक ठेवला. भामा आधी माईककडं बघून पदर सावरायची, जणू समोर कुणी वडीलधारं बसलंय. दोन-तीन रविवारांत भीड चेपली. मांडवाचा धवला झाला, देवांना आवतणं द्यायचा झाला, हळदीचा झाला, बांगड्या भरण्याचा झाला.

शेवटच्या रविवारी रुबेनभाऊंनी सगळ्या बायांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर दोन रेघा होत्या. आवाज आला की रेघ फुगायची, थांबला की सुतासारखी सरळ व्हायची.

"वरची रेघ सोनाबाईंची," त्यांनी बोट लावून दाखवलं. "खालची भामाबाईंची."

सोनाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण हे वाचता येत होतं. वरची फुगली, की खालची सरळ. मग वरची सरळ, खालची फुगली. एक ओळ टाकली, एक झेलली. तिला मोठी मौज वाटली. आपलाच आवाज बाहेरून ऐकताना अंगावर काटा आला.

मग देवांचं आवतण आलं. त्यात एकामागं एक देवांची नावं येतात, गावच्या वेशीपासून खाडीपर्यंत, आणि क्रम चुकला तर अपशकुन मानतात. सोनाबाई बघत होती. वरची रेघ फुगत फुगत आली आणि मधेच सरळ झाली. त्याच क्षणी खालची फुगली. वरची नंतर उठली, तिच्या मागोमाग. पुढच्या नावाला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्यालाही.

गावातलीच गुणाबाईही तिथं यायची. तिचं तोंड कधीच गप्प नसायचं. "अगो सोने," ती ओरडली, "इथं तं भामा पुढं नि तू मागं! नाव तुजं नि गानं तिचं!"

सगळ्या बाया हसल्या. विनिताताईसुद्धा हसल्या.

भामा घाईनं म्हणाली, "तसं काय नाय गो. बाय दम घेते तवा मी धरते. पयल्यापासनं तसंच हाय आमचं."

पहिल्यापासून. भामा तिला सावरायला बोलली होती आणि तोच शब्द सोनाबाईच्या काळजात काट्यासारखा मोडून राहिला. आपण दम घेत नव्हतो, आपल्याला नाव आठवत नव्हतं, हे तिला त्या रेघांनी सांगितलं. आणि भामाला ते किती वर्षं ठाऊक होतं, देव जाणे. इतकी लग्नं, इतके मांडव, आणि प्रत्येक वेळी आपल्या पायाखाली कुणीतरी गुपचूप फळी सरकवत होतं. तिला उपकार दिसायला हवे होते. तिला हसणारी गुणाबाई दिसली.

घरी जाताना ती बसमध्ये भामाशी बोलली नाही. भामाला वाटलं, बायचं डोकं दुखतंय.

पुढच्या आठवड्यात मधल्याच वारी सोनाबाई एकटी पनवेलला गेली. रुबेनभाऊ कॉम्प्युटरशी बसले होते.

"भाऊ, येक इचारू? ती खालची रेघ काढता येते का?"

"कुठली? भामाबाईंची?"

"हां."

"येते की. झेललेल्या ओळी कापायच्या फक्त. का बरं?"

सोनाबाईनं उत्तर वाटेत तयार करून आणलं होतं. "तिलाच नको हाय. लाजते. सीडीवर आवाज नको म्हनते. लोकांम्होरं येनार ना ती."

रुबेनभाऊंनी चष्मा वर केला. "खरंच? त्या दिवशी तर खुशीत होत्या."

"तुमच्याम्होरं बोलंल होय ती? जाऊ हाय माजी. मी वळकत नाय तिला?"

ते भले गृहस्थ होते. बाईमाणूस लाजतं म्हटल्यावर त्यांनी पुढं विचारलं नाही. "ठीक आहे," म्हणाले. "पण त्या आवतणात मग मधेमधे तुटेल. तेवढं तुम्ही पुन्हा म्हणा." त्यांनी तिथल्या तिथं माईक लावला. सोनाबाई घरून नावं घोकून आली होती. एकेक नाव तिनं सुटं म्हटलं, आणि भाऊंनी ते जागेवर बसवलं.

"आता या मोकळ्या जागा," ते म्हणाले. "भामाबाई म्हणायच्या तिथं आता काहीच नाही. तशाच ठेवू?"

"जुळवून टाका. लोक म्हनतील म्हातारीला धाप लागली."

त्यांनी जुळवून टाकल्या. ऐकलं तेव्हा सोनाबाई खूश झाली. न थांबता, न अडखळता, पाण्यासारखा धवला.

सीडी निघाली त्या दिवशी संस्थेत छोटा समारंभ झाला. बाहेर सतरंजी, आत पेढे. सोनाबाईला शाल दिली. भामा ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. सीडी लागली. सोनाबाईची ओळ आली. भामानं मान थोडी कलती केली, आता आपला आवाज येईल म्हणून. आली ती सोनाबाईचीच दुसरी ओळ. मग तिसरी. भामा मान कलती करून तशीच ऐकत राहिली, अगदी शेवटपर्यंत, आणि संपल्यावर सगळ्यांच्या बरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या.

रुबेनभाऊ तिच्याजवळ आले. "ठीक आहे ना, भामाबाई?"

"ब्येस झालं भाऊ. बायचा आवाज कसा घंटेवानी आला." आणि ती पेढा खाऊ लागली.

बसमध्ये बसल्यावर कळंबोलीच्या अलीकडं तिनं विचारलं, "बाय, मशीननं माजा आवाज नाय ना घेतला?"

सोनाबाई खिडकीतून बाहेर बघत होती.

"लै खराब असंल," भामा म्हणाली. "आपल्याला कळत नाय. घरची मान्सं गोड मानून घेतात. मशीन कशाला खोटं बोलंल?"

बस एका थांब्यावर थांबली, माणसं चढली, उतरली, बस निघाली. एवढ्या वेळात सोनाबाईला खरं सांगता आलं असतं. तिच्या ओठावर आलंही होतं. पण मांडीवर शाल होती, आणि शालीची घडी अजून मोडली नव्हती.

"असंल," ती म्हणाली.

त्या एका शब्दानं भामाचं गाणं बंद झालं.

सुरुवातीला सोनाबाईला ते जाणवलं नाही. तिचे दिवस बरे चालले होते. सीडी गावात फिरली. पोरांनी मोबाइलमध्ये भरून घेतली. शेजारच्या गावच्या बायका रस्त्यात थांबवून म्हणायच्या, "तुमीच ना त्या धवल्यावाल्या?" पुढच्या लग्नाचं आवतण आलं तेव्हा भामा म्हणाली, "बाय, दुसरी कोनतरी घे. माजा घसा बसलाय." दुसरी घेतली. तिला ओळ झेलता येईना. ती शब्द म्हणायची, पण सोनाबाई अडली की तीही अडायची आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहायच्या. त्याच्या पुढच्या लग्नात घरच्यांनी सरळ सीडीच लावली आणि सोनाबाईला मानाची साडी घरी पाठवून दिली.

तेव्हा ती घरात बसली आणि तेव्हा तिला भिंतीपलीकडची शांतता ऐकू आली.

भामा जवळा निवडताना गायची. भांडी घासताना गायची. सून ओरडली तरी गायची, जरा मोठ्यानं. त्या भिंतीतून इतकी वर्षं तिचा आवाज पाझरत होता, म्हणून सोनाबाईनं तो कधी ऐकलाच नव्हता. आता पलीकडून टीव्हीवरच्या मालिका ऐकू यायच्या. एकदा सोनाबाई मागच्या दारानं गेली तर भामा सुपातला जवळा निवडत होती, ओठ घट्ट मिटून.

"भामे, म्हन की कायतरी."

"कशाला गो बाय. शेजारपाजारच्यांना तरास."

ती हे रुसून बोलली नव्हती. तिला ते पटलेलं होतं. सोनाबाईला वाटलं, ही चिडली असती, भांडली असती, आपल्या दारात येऊन चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अशी दोन वर्षं गेली. मग सोनाबाईच्या नातीचं, रियाचं, लग्न ठरलं. मुलगा कोपर गावचा. रिया लहानपणी भामाच्याच मांडीवर वाढलेली. ती म्हणाली, "आजी, माझ्या हळदीला सीडी नको. तू नि भामाआजी दोघी म्हणा."

सोनाबाईनं मनाशी ठरवलं, आधी भामाचा आवाज जागेवर आणायचा. तो आणला की तिला ऐकवायचा. बघ, मशीननं घेतला होता, असं म्हणायचं. बाकीचं मग ओघानं सांगता येईल, किंवा सांगावंच लागणार नाही. ती रविवारी पनवेलला गेली.

"भाऊ, ती खालची रेघ परत घाला."

रुबेनभाऊ थकल्यासारखे दिसत होते. त्यांची मुलगी इस्रायलला होती, ती त्यांना बोलवत होती, आणि त्यांचं जायचं की नाही ते ठरत नव्हतं. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "ती नाही आता, सोनाबाई."

"नाय मंजे?"

"कॉम्प्युटर भरला होता. डोळ्यांच्या शिबिराचं काम अडलं, तेव्हा सीडी तेवढी ठेवली आणि मूळचं पुसून टाकलं. भामाबाईंना नकोच होतं, तुम्ही म्हणाला होतात. कुणाला नको असलेली गोष्ट कशाला ठेवायची, असं वाटलं मला."

"कुठंच नाय? त्या मशीनच्या खाली, मागं, कुठं?"

"कुठंच नाही."

सोनाबाईनं मग त्यांना सांगितलं. गुणाबाईचं हसणं, बसमधलं बोलणं, भामाचं गप्प होणं. सांगताना तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. रुबेनभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावतील असं तिला वाटलं होतं.

"माझंही चुकलं," ते म्हणाले. "माईक त्यांच्यापुढंही होता. मी त्यांना एकदा तरी विचारायला हवं होतं. दोघी एकाच बसनं येत होतात हो." मग चष्मा परत चढवत म्हणाले, "घेऊन या त्यांना. पुन्हा करू. मी आहे अजून. पण आधी त्यांना खरं सांगा. त्याशिवाय त्या माईकसमोर तोंड उघडणार नाहीत."

ती थेट भामाकडं गेली. "भामे, भाऊ म्हंतात परत करू. दोघींचं."

"नको गो. त्या बिचाऱ्यानं किती येळा मशीन लावायचं? येकदा नाय घेतला, परत काय घेनार?"

"तसं नाय..."

"मग कसं?"

भामानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. इतक्या सरळ चेहऱ्याला खरं सांगायचं म्हणजे त्याच्यावर थुंकण्यासारखं होतं.

"रियाच्या हळदीला तरी बसशील ना?" सोनाबाई एवढंच म्हणाली.

"बसंन की. पोर हाय ती माजी. झेलंन हळूच."

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव भरला होता. कोपऱ्यात डीजेची काळी खोकी रचलेली. रियाचा भाऊ प्रितेश त्या पोरांबरोबर वायरी जोडत होता. आजीचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून त्यानं तिच्यापुढं माईक धरला, आणि दुसरा भामाच्या पुढं. माईक बघताच भामा अंगाचं मुटकुळं करून मागं सरकली.

"माज्याम्होरं नको रे पोरा. बायला दे दोनी."

रिया पाटावर बसली. सोनाबाईनं पहिली ओळ टाकली. भामानं झेलली, पण अशी की शेजारच्या बाईलाही नीट ऐकू गेली नाही. दुसरी ओळ. तिसरी. बायांचे हळदीचे हात फिरू लागले. मग देवांचं आवतण आलं. वेशीवरचा देव झाला, गावदेवी झाली, आणि पुढं सोनाबाईचं डोकं कोरं झालं.

ती थांबली. तिनं भामाकडं बघितलं.

भामाला नाव ठाऊक होतं. ते तिच्या ओठाशी आलेलं सोनाबाईला दिसलं. आधी अशा वेळी ते नाव आपोआप यायचं, कुणी मागायच्या आत. पण समोर माईक होता, आणि त्या माईकनं एकदा आपल्याला नाकारलंय हे भामाच्या मनात पक्कं होतं. तिनं ओठ आवळले आणि मान खाली घातली. मांडव गप्प झाला. हळदीचे हात हवेत राहिले. कुठल्या तरी म्हातारीनं "देवा रे" म्हटलं.

"थांब आजी, मी लावतो!" प्रितेश ओरडला. त्यानं आजीची लाज राखायलाच ते केलं. मोबाइल वायरीला जोडला आणि काळ्या खोक्यांतून सोनाबाईचा धवला सुरू झाला, घंटेसारखा.

बायांना हायसं वाटलं. पुन्हा हात फिरू लागले. आणि आपल्याच सवयीनं, ओळ संपली तशी, भामानं ती झेलायला तोंड उघडलं. तिचा आवाज फुटला, खरा, जुना, मोकळा आवाज. पण अर्धा शब्द बाहेर पडेपर्यंत स्पीकरवरची सोनाबाई पुढच्या ओळीवर गेली होती. भामा थबकली. त्या ओळीच्या शेवटाला तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. कुठं म्हणून तिला शिरायला जागा नव्हती. ती कसनुशी हसली, पदर तोंडाला लावला आणि उठून मागच्या अंगणात गेली. इकडं रियाच्या एका हाताला हळद लागायची राहिली होती तोवर धवला संपलासुद्धा.

सोनाबाई तिच्या मागं गेली. पाण्याच्या पिंपापाशी भामा हाताची हळद धूत होती.

"बगितलंस बाय? मशीनला कळतं," ती म्हणाली. "मी उगा तोंड घालत होते."

"मशीननं नाय काढला तुजा आवाज." सोनाबाईनं पिंपाची कड धरली. "मी काढायला लावला. भाऊंना खोटं सांगितलं, तुला नको हाय म्हनून. त्या दिवशी गुणी हसली, मना सहन नाय झालं. बसमधी तू इचारलंस तवा पन मी खोटंच बोलले."

भामाच्या हातातला तांब्या कलता राहिला. पाणी तिच्या पायांवर सांडत होतं.

"माजा आवाज खराब नवता?"

"नवता. कदी नवता."

"दोन वरसं बाय." ती हळू बोलत होती, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय. "नातू झाला तवा मी त्याला पाळन्यात गप झोका दिला. म्हनलं, पोराच्या कानाला कशाला." "मशीनवर मी कवा रागावले नाय. मशीनवर कोन रागावनार? म्हनून चाललं माजं. आता तू सांगितलंस. आता मी काय करू, सांग."

"मना शिव्या दे."

"त्यानं काय होईल?"

"भाऊ परत रेकाड करनार हायत. येऊ दोघी. तू पुढं म्हन, मी झेलंन."

भामानं तांब्या पिंपावर उपडा ठेवला. "नको बाय. आता माईक बगितला का मना मशीन नाय दिसनार, तू दिसशील." तिनं हात लुगड्याला पुसले. "रियाला सांग, काकन बांदायच्या येळेला येईन मी. तिचं काय चुकलं नाय."

ती मधल्या बोळानं आपल्या घराकडं गेली. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

सोनाबाई मांडवात परत आली तेव्हा गुणाबाईनं हटकलं, "भामा कुठं गो गेली? घसा परत बसला का काय?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. सोनाबाई मांडवाच्या मध्ये उभी राहिली. "घसा कदी बसलाच नवता तिचा," ती म्हणाली. "मी तिचा आवाज त्या सीडीतनं काढायला लावला. म्हनून ती गात नाय. म्हनून गेली."

बायांच्या माना वळल्या. रियानं पाटावरून वर बघितलं. पण सोनाबाईची सून लगबगीनं पुढं आली आणि तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्या, आता नको. शुभकाम चाललंय. पोरीच्या अंगावर हळद हाय. मग बोला काय ते."

"आता नकोच तं काय," गुणाबाई पण पुटपुटली. तिनं पहिल्यांदाच नजर खाली घातली.

"अजून हळद लावायची राहिलीय ना?" प्रितेशनं लांबून विचारलं. कुणीतरी हो म्हणालं. त्यानं पहिल्यापासून पुन्हा लावलं, या वेळी आवाज जरा वाढवून. सगळ्या गावाला ऐकू जाईल, बोळ ओलांडून बंद दारापलीकडंही जाईल, इतका. सोनाबाई त्या काळ्या खोक्यांपाशी गेली. तिनं वायरींवरून, बटणांवरून, लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यांवरून हात फिरवला. तिचाच आवाज एकेक ओळ टाकत पुढं चालला होता, आणि तो बंद कुठून करायचा ते तिला ठाऊक नव्हतं.